समुद्रावर स्नानाला गेलेला भाऊ

माझा मोठा भाऊ माधव, म्हणजे आमचा दादा, शेवंड पकडून पोट भरत असे. हे वाक्य आता मी कुणालाही सहज सांगते, पण आमच्या घराला ते मोठ्याने म्हणायला बरीच वर्षं लागली. ग्वाल्हेरपासून समुद्र कुठल्याही दिशेने गेलं तरी लांबच आहे. आमच्या सात पिढ्यांत कुणी त्याच्या वाटेला गेलेलं नव्हतं. पूर्वज दख्खनेतून आले तेही घोड्यांच्या आणि पोथ्यांच्या मागून, कोरड्या वाटेने.

आम्ही तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात राहत होतो. खाली बँडवाल्यांचं दुकान आणि त्याच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, याज्ञिकी करत. लष्कर भागातल्या मराठी घरांमधली मुंज, लग्न, श्राद्ध, सत्यनारायण हे सगळं अण्णांकडे येई. अण्णांचा आवाज खणखणीत होता, आणि तो तसा होण्याचं कारण खालचा बँड होता असं मला अजूनही वाटतं. दुपारी दोनदोन तुतारीवाले एकच सूर घोटत बसत आणि वर अण्णा रुद्र म्हणत. कुणीच कुणाला थांबवायचं नाही असा एक अलिखित करार होता. अण्णा सोवळ्यात असताना खालून सिनेमाचं गाणं सुरू झालं की आई पळीने ताल धरी आणि अण्णांनी पाहिलं की आमटी ढवळायला लागे. सकाळी गल्लीच्या तोंडाशी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, तळल्याचा वास यायचा. आमच्याकडे बाहेरचं आणायचं नाही असा नियम होता, म्हणून दादा ती तिथेच उभ्याने खाऊन यायचा आणि घरी येऊन पुन्हा पोहे खायचा.

दादाला दोन गोष्टी येत. एक म्हणजे मंत्र, कारण ते लहानपणापासून कानावर होते. दुसरी म्हणजे बुडी. किला गेटच्या बाजूला एक जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर होती, तिथे तो पोहायला शिकला. आमच्या भागात कुणाची बादली किंवा कळशी विहिरीत पडली की लोक गळ शोधायच्या आधी दादाला शोधत. तो अंगरखा काढून आत उडी मारी, वरचे सगळे काठावर ओणवे होऊन बघत बसत, आणि ‘अब तो गया’ असं कुणीतरी म्हणेपर्यंत तो कळशी घेऊन वर येई. अण्णांना हे पसंत नव्हतं. भटजीच्या मुलाने श्वास मंत्रासाठी राखून ठेवावा, असं त्यांचं मत होतं.

इथे राहून मुलाची जीभ हिंदी होत चालली, ऋचेतसुद्धा ‘अबे’ येईल एक दिवस, या काळजीने अण्णांनी त्याला कोकणात मालवणच्या अलीकडच्या एका गावी, एका वैदिक गुरुजींकडे पाठवलं. गुरुजींचं घर समुद्राकाठी होतं. अण्णांच्या लेखी ती चांगली गोष्ट होती, कारण रोज समुद्रस्नान घडणार होतं. त्याप्रमाणे दादा एक दिवस स्नानाला गेला आणि परत आला नाही. म्हणजे आला, पण ओल्या अंगाने, एका होडीवाल्याचं खडकात अडकलेलं जाळं सोडवून, आणि हातात बक्षीस मिळालेला जिवंत शेवंड घेऊन. तो त्याने सरळ गुरुजींच्या अंगणात आणला. गुरुजींनी दादाला त्याच दिवशी मोकळं केलं.

आम्हाला हे लगेच कळलं नाही. गुरुजींच्या नात्यातले एक गृहस्थ लग्नासाठी आमच्या लष्कर भागात आले होते, ते अण्णांना नमस्कार करून म्हणाले, “माधव आता शेवंड धरतो.” एवढंच म्हणाले आणि पंगतीला गेले. अण्णांना हा शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी तो घरी आणला. अण्णांचा अंदाज असा की ही एखादी औषधी वनस्पती असावी, समुद्रकाठी उगवणारी. आईला तो शेव-गाठ्यांच्या जातीचा पदार्थ वाटला आणि मुलगा धंद्याला लागला म्हणून ती खूशही झाली. तिने त्या दिवशी शिरा केला. दोन दिवसांनी किला गेटचे जाधवकाका मुहूर्त काढायला आले. हे फौजेतून निवृत्त झालेले, सगळा देश फिरलेले, आणि सगळं खाल्लेले. अण्णांनी सहज विचारावं तसं विचारलं, “जाधव, शेवंड म्हणजे काय हो?”

जाधवकाकांचा चेहरा उजळला. “अहो गुरुजी, क्या चीज है! समुंदरातला राजा. असं समजा की विंचू आहे, पण कोपरापर्यंत लांब. वरून काटे, ह्या एवढ्या मिशा. उकळत्या पाण्यात टाकला की लाल होऊन जातो, आणि मग तोडून...” इथे त्यांचं लक्ष अण्णांच्या तोंडाकडे गेलं आणि ते म्हणाले, “पण मुहूर्त बघून राहिलो होतो ना आपण.”

अण्णांनी मुहूर्त काढून दिला, तोही बरोबर. मग हात धुतले. त्या दिवसापासून त्यांनी दादाचं नाव घेणं बंद केलं. आरडाओरडा नाही, शाप नाही. कुणी विचारलं तर “तो किनाऱ्याकडे असतो” असं सांगत, जणू दादा एखादं दीपगृह होता. आईही गप्प असायची, पण तिचं गप्प बसणं वेगळं होतं. ती दादाच्या आवडीचं काही करायला घ्यायची आणि अर्ध्यात सोडून द्यायची. त्या काळात आम्ही बरेच अर्धवट पदार्थ खाल्ले.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका सकाळी अण्णा गंध उगाळत असताना आई म्हणाली, “मी कोकणात जाऊन येते. सुलूला नेते सोबतीला.” सुलू म्हणजे मी.

“उतरणार कुठे?” अण्णांनी विचारलं.

“माधवकडे.”

नाव घरात उच्चारलं गेलं. खाली बँडवाले नेमके त्याच वेळी थांबलेले होते. अण्णांनी सहाण बाजूला ठेवली आणि बराच विचार करून म्हणाले, “बाहेरचं पाणी पिऊ नका.”

आईने आयुष्यात नवऱ्याशिवाय केलेला हा पहिला प्रवास. आजही मी ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या माझ्या घरातून नातवाकडे पुण्याला निघाले की सुनेच्या सूचना संपत नाहीत, तेव्हा मला आई आठवते. एक वळकटी, दशम्यांचा डबा, आणि दर स्टेशनवर खिडकीतून बाहेर डोकावून “भैया, समुद्र आला का?” असं विचारणारी.

दादाची खोली सावळाराम नावाच्या होडीवाल्याच्या घराला लागून होती. ज्याचं जाळं दादाने सोडवलं होतं तोच हा सावळाराम, आणि दादा त्याच्याच होडीवर काम करत होता. दादा काळा झाला होता, रुंद झाला होता, आणि त्याच्या तळहातांवर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. ते शेवंडाच्या काट्यांचे वण. आईने ते हात उलटेसुलटे करून पाहिले. गावातली माणसं त्याला ‘ग्वाल्हेरी’ म्हणत. त्याची मराठी ऐकून ती हसत असत, पण हळूहळू त्याचं ‘अबे’ मात्र त्यांनी उचललं होतं. संध्याकाळी बंदरावर पांढऱ्या मिशांचे म्हातारे एकमेकांना “अबे, खंय चललस?” असं विचारताना आम्ही ऐकलं. अण्णांना जी भीती ऋचांबद्दल होती ती मालवणी बोलीच्या बाबतीत खरी झाली होती.

जेवायला दादाने स्वतः खिचडी केली होती. आईने पहिला घास घेण्याआधी विचारलं, “तू ते खातोस का रे?”

“नाही.”

आईचा चेहरा सैल झाला. “का नाही खात?”

“महाग असतात,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दादा कामाला निघाला तर आई चपला घालून दारात तयार. दादाने समजावून पाहिलं. होडी हलते, उलट्या होतात, बायका सहसा येत नाहीत. आई म्हणाली, “मी तुझं काम बघायला आले आहे. ते घरात बसून दिसणार आहे का?” सावळारामने डोकं खाजवलं, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, “येवंदे. दर्या आज बरो आसा.” आणि माझं काय हे कुणी विचारलंच नाही, त्यामुळे मीही बसले.

उजाडत होतं. होडी अरुंद होती, तिच्या एका बाजूला तोल सांभाळायला एक लांब ओंडका बांधलेला होता. आई नऊवारीचा काष्टा आवळून मधल्या फळीवर देवघरात बसावं तशी ताठ बसली होती. आदल्या संध्याकाळी त्या दोघांनी खडकांच्या आसपास तळाशी जाळी सोडलेली होती, ती आता ओढायची. सावळाराम ओढत होता आणि दादा जाळ्यातून माल सोडवत होता. पहिला शेवंड वर आला तेव्हा मी ओरडले. हिरवट-तपकिरी, अंगभर काटे, डोळे बाहेर आलेले, आणि अंगापेक्षा लांब मिशा. तो कर्र कर्र असा आवाज करत होता, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. आई ओरडली नाही. ती पुढे वाकून बघत राहिली. दादाची बोटं इतकी हळू चालत होती की मला नवल वाटलं. मिशी मोडली, पाय तुटला तर व्यापारी तोंड फिरवतो, तो म्हणाला. सोडवलेला शेवंड तो ओल्या गोणपाटात ठेवी आणि वरून पुन्हा पाणी शिंपडी. एका मादीच्या पोटाखाली केशरी दाण्यांचा घोस होता. दादाने तिला सोडवली आणि उलट पाण्यात टाकली.

“ही का सोडलीस?” आईने विचारलं.

“अंडी आहेत तिला, आई.”

“सगळे सोडतात?”

“काय जण ठेवतत,” सावळाराम जाळं ओढता ओढता म्हणाला. “आमी नाय ठेवणव.”

मग जाळं अडकलं. सावळारामने इकडून ओढलं, तिकडून ओढलं. दादा उभा राहिला, अंगातला सदरा काढला, दोन-तीनदा खोल श्वास घेतला आणि गेला. पाणी त्याच्यावर मिटलं, आणि तो तिथे कधी होता याची काही खूणच उरली नाही.

आईने ते पाणी बघितलं. मग सावळारामकडे बघितलं. तो बिडी शिलगावत होता. आईने पुन्हा पाणी बघितलं. मला विहिरीवरचे ते ओणवे झालेले लोक आठवले, पण विहिरीला तळ असतो आणि तो कुणीतरी बांधलेला असतो. आईने मुलाला आजवर कधी बुडी मारताना पाहिलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बायका विहिरीवर अशा वेळी जात नसत.

“अहो, ओढा त्याला वर,” ती म्हणाली.

“कसो ओढतलंय, बाये? दोरी खंय बांधलेली आसा?”

“मग बांधली का नाही?”

“दोरी खडपात अडाकता. मगे दोगव रवतत थंयच.” सावळारामने बिडीचा झुरका घेतला. “भियाव नको. तेचो दम लांब आसा.”

पण बिडी त्याने नंतर ओढली नाही, नुसती धरून ठेवली, आणि त्याचीही नजर पाण्यावरून हलत नव्हती. ते पाहिलं तेव्हा मी घाबरले. आईने होडीची कड दोन्ही हातांनी धरली होती. तिचे ओठ हलत होते. ती देवाचं काही म्हणत असेल असं मला वाटलं, म्हणून मी कान दिला. ती म्हणत होती, “गाढवा, वर ये. गाढवा, वर ये. गाढवा, वर ये.”

दादा होडीच्या भलत्याच बाजूला वर आला. धापा टाकत होता, तळहातातून रक्त येत होतं आणि दुसऱ्या हातात जाळ्याची सुटलेली कड होती. तो कसाबसा आत चढला आणि हसून म्हणाला, “सुटलं.” आईने त्याला थोबाडीत मारली. अशी मारली की होडी डुलली आणि सावळारामला ओंडक्याच्या बाजूला सरकावं लागलं. मग तिने पदराची कड दातांनी फाडून त्याचा हात बांधला.

होडी किनाऱ्याकडे वळल्यावर ती शांतपणे म्हणाली, “तू भटजी झाला असतास तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. तुला वाटतं का?”

दादाने गोणपाटावर पाणी शिंपडलं. मग म्हणाला, “मंत्र मला अजून येतात, आई. सगळे. पण म्हणताना मी तिथे नसायचो गं. तोंड चालू, आणि मी कुठेतरी भटकून राहिलेला. खाली पाण्यात गेलो की मी तिथेच असतो. दुसरीकडे जायची सोयच नसते.”

आई “हं” म्हणाली. तिला नंतर उलटी झाली, पण ती किनाऱ्याला लागल्यावर. होडीत तिने होऊ दिली नाही.

घरी परतलो त्या दिवशी अण्णांनी काही विचारलं नाही. आईने पान वाढलं, वरण-भातावर तूप घातलं, आणि समोर बसून स्वतःच सांगायला सुरुवात केली. “काम पाहून आले. अवघड आहे. चोख करतो.” अण्णा जेवत राहिले. ताक वाढायची वेळ आली तेव्हा त्यांनी ताटाकडे बघतच विचारलं, “पाण्यात शिरताना काय म्हणतो तो?”

“काही नाही,” आई म्हणाली. “श्वास घेतो.”

अण्णांनी आपोष्णी घेतली आणि उठले.

खरी गडबड नंतर झाली, आणि ती आईनेच केली. चैत्राच्या हळदीकुंकवाला गेली असताना कुणीतरी “मुलगा काय करतो?” असं विचारलं आणि आईने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर कैरीच्या डाळीची वाटी बाजूला ठेवून शेवंडाच्या मिशा दोन्ही हातांनी करून दाखवल्या, आणि तो आवाजही काढून दाखवला. आठवडा संपायच्या आत अण्णांना एका मोठ्या घरून बोलावणं आलं. हे घराणं पूर्वी दरबारात मानाचं, आणि आमच्या पणजोबांपासून त्यांची सगळी कार्यं आमच्याकडे. मी अण्णांची पंचपात्री घेऊन बरोबर गेले होते, कारण बोलावणं पूजेचं आहे असं आम्हाला वाटलं होतं. पूजा नव्हती. बाईसाहेब झोपाळ्यावर बसल्या होत्या. आवाज गोड होता.

“गुरुजी, बात अशी आहे,” त्या म्हणाल्या, “लोक बोलून राहिलेत. ज्या घरात जीव मारायचा धंदा चालतो त्या हातांनी आमच्या देवाला अभिषेक कसा करवावा? तुम्ही एक प्रायश्चित्त करून टाका. आणि मुलाशी संबंध नाही असं चार लोकांसमोर सांगा. मग काही प्रश्नच नाही.”

प्रायश्चित्त हा अण्णांचाच विषय. दुसऱ्यांना त्यांनी शेकड्याने सांगितली असतील, आणि प्रत्येकाची पोथी त्यांना तोंडपाठ होती. मला वाटलं, आता ते कोणतं हे ठरवत असतील.

“प्रायश्चित्ताला आधी पश्चात्ताप लागतो,” अण्णा म्हणाले. “मुलाला तो नाही, हे मला घरून कळलंय. मी दीड वर्ष माझ्यात शोधून राहिलो. मलाही सापडत नाही. पश्चात्ताप नसताना विधी केला तर ती तुमच्या देवाची फसवणूक होईल. ती माझ्याने होणार नाही.”

बाईसाहेबांचा झोपाळा थांबला. अण्णांनी माझ्या हातातली पंचपात्री घेतली, नमस्कार केला आणि आम्ही बाहेर पडलो. ते घर सुटलं, आणि त्याच्या मागोमाग आणखी काही. आमच्याकडे तूप पातळ झालं. जाधवकाकांनी मात्र त्याच महिन्यात सत्यनारायण घातला, मग वास्तुशांत केली, आणि काहीच उरलं नाही तेव्हा म्हशीसाठी शांत करून घेतली.

माझं लग्न ठरलं ते इंदूरकडच्या घरी; ग्वाल्हेरला मी परतले ती बऱ्याच वर्षांनी. दादाला कळवण्याचं काम आईने केलं. अण्णांनी ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. दादा लग्नाच्या दिवशी सकाळी आला, नवीन सदरा घालून, आणि कुठे बसावं ते न कळून मागे बँडवाल्यांच्यात बसला. ते त्याचे लहानपणचे ओळखीचे, त्यांनी त्याला ढोलाशेजारी जागा करून दिली. लग्न लावायला शिवपुरीचे गुरुजी आले होते. कानपिळीची वेळ झाली. वधूचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो, तो विधी. गुरुजींनी “वधूचा भाऊ?” म्हणून पुकारा केला. कुणीतरी आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे माझा मावसभाऊ उठला आणि टोपी सारखी करत पुढे आला.

“तू बस,” अण्णा म्हणाले. “हिला सख्खा भाऊ आहे.” आणि मग बँडच्या वर चढणाऱ्या त्या आवाजात, “माधव! इकडे ये.”

दादा उठला. ढोलाला पाय लागून धप्पकन आवाज झाला. माझे सासरे चौकस माणूस, त्यांनी तिथेच विचारलं, “हे चिरंजीव काय करतात?”

“शेवंड पकडतो,” अण्णा म्हणाले. “मालवणकडे. समुद्रात.”

मांडवात त्या सुटलेल्या घराण्यांची माणसंही होती. सासरे म्हणाले, “अच्छा,” आणि पुढे काही विचारलं नाही. दादाने ह्यांचा कान धरला. त्याने धरला होता की नाही हे ह्यांना कळलंच नाही असं हे नंतर अनेक वर्षं सांगत. दादाचे डोळे इतके भरून आले होते की त्याला कान दिसत नव्हता, तो चाचपडत होता.

दोन दिवसांनी दादा परत निघाला तेव्हा अण्णा स्टेशनवर आले. पाठराखीण मावशी आणि मी सासरच्यांबरोबर त्याच दिवशी इंदूरला निघणार होतो, आमची गाडी उशिराची होती, म्हणून मीही फलाटावर होते. अण्णा आणि दादा शेजारी शेजारी उभे राहून रुळांकडे बघत होते. गाडी आली, दादा चढला, दारात उभा राहिला. शिट्टी झाल्यावर अण्णांनी घसा खाकरला.

“माधव, तो शेवंड,” ते म्हणाले, “केवढा असतो रे?”

दादाला ऐकू आलं नसावं असं मला वाटलं, पण त्याला आलं होतं. गाडी हलली. त्याने दांडा सोडला, दाराच्या चौकटीला पाठ टेकवली आणि दोन्ही हातांनी आधी अंग दाखवलं, मग शेपूट दाखवली, मग हात लांब करत करत मिशा दाखवायला लागला. त्याचा एक हात दाराच्या पार बाहेर आला. फलाट संपेपर्यंत तो तसाच हात ताणून उभा होता, आणि अण्णा मान उंचावून बघत होते.

गाडी दिसेनाशी झाल्यावर अण्णांनी उपरणं सारखं केलं.

“मोठा असतो,” ते म्हणाले.